आत्याचा ग्लुकोज आणि हिरवी हळद

आमच्या घरात कुठलीही गोष्ट सुरू व्हायची तर आधी हिराआत्याने घसा खाकरावा लागे. ही बाबांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ झालं नाही, म्हणून ती कोपरखैरणे गावठाणात आमच्याकडे राहायला आली, आणि आठवड्याभरात आम्हीच तिच्याकडे राहतोय असं सगळ्यांना वाटायला लागलं. सकाळी मोरीत उभी राहून ती हळद-मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या करी. त्या गुळण्यांना चढउतार होते, मधे एक दम होता, आणि शेवटी असा काही खाकरा होता की वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंनी गजराची घड्याळं भंगारात दिली असावीत. तो खाकरा ऐकू आला की आई चहाचं आधण ठेवी, बाबा पायात चपला सरकवत आणि मी अंथरुणातून उठे. एकदा आत्याचा घसा बसला होता, तर त्या दिवशी उन्हं चढेपर्यंत आमच्याकडे चहाच झाला नाही, आणि का झाला नाही ते कुणाला सांगता येईना. आता माझ्या घरी यंत्र आहे, बटण दाबलं की चहा तयार. पण बटण दाबायला मला उठवणारं कुणी नाही, हा त्या यंत्राचा मोठा दोष आहे.

आत्या धवलारीण होती. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजी येतो, मंत्र म्हणतो, दक्षिणा घेऊन जातो, त्याच्याबद्दल कुणाची तक्रार नाही. पण त्याच्या कितीतरी आधी धवलारणीला बोलावणं जातं. मांडवाचं गाणं वेगळं, तेलाचं वेगळं, हळदीचं वेगळं, आणि ही सगळी गाणी, म्हणजे धवळे, तिच्या पोटात. आत्या मांडवाच्या तोंडाशी पाटावर बसे. स्वतः काही म्हणजे काही करत नसे. हळद कुटत नसे, वडे तळत नसे, नवरीच्या अंगाला बोट लावत नसे. पण तिने पहिली ओळ उचलल्याशिवाय एकाही बाईचा हात हळदीच्या वाटीत जायची सोय नव्हती. बाहेर डीजेवाल्याने भिंतीएवढे स्पीकर लावलेले असत. आत्या नुसती त्याच्याकडे बघे आणि तो बिचारा वायर काढून हातात धरून उभा राही.

तिचा एकच कायदा होता: धवळे संपल्याशिवाय पंगत बसवायची नाही. मटणाचा वास गल्लीभर सुटलेला, वड्यांची टोपली झाकलेली, पाहुणे मान लांब करून बघतायत, तरी नाही. "एकदा पत्रावल पडली का कोन कोनाला इचारतो? सगल्या बाया उठून जेवाला जातील, नि मी एकटी भिंतीला धवले सांगू?" असं ती म्हणे, आणि ते खरंच होतं. एका लग्नात कुणा उत्साही मामाने लवकर पानं वाढली, तर हळद लावायला नवरीशेजारी फक्त तिची आंधळी आजी उरली होती आणि तिने अर्धी हळद पाटाला लावली. तासन् तास गायचं म्हणून आत्या स्वतःसाठी मात्र ग्लुकोजची पावडर पिशवीत बाळगे. दोन धवळ्यांच्या मधे चमचाभर तोंडात टाकायची, वर पाण्याचा घोट, की पुन्हा सुरू. पान, तंबाखू, मशेरी असलं काही नाही. तिला ग्लुकोजचंच व्यसन होतं म्हणा ना.

अशा घरात मी बायोटेक घेतलं. कुणी घेऊ नको म्हणालं नाही, कारण ते काय असतं हे कुणाला माहीत नव्हतं. बाबा नाक्यावर सांगत, "आमची वनी जंतूंचं शिकते." मग लोक मला रस्त्यात थांबवून आपापले जंतू सांगायला लागले. एका काकांनी मला जीभ दाखवली. शेजारच्या काकूंनी डब्यात बुरशी आलेलं लोणचं घालून पाठवलं आणि चिठ्ठीत "खाऊ का?" असं विचारलं. मी खाऊ नका म्हणून कळवलं तेव्हा कळलं की खाऊन झालं होतं, नुसती खात्री करायची होती.

तिसऱ्या वर्षाला सामंत मॅडमनी आम्हाला प्रमोटर शिकवला. मॅडम चांगल्या होत्या, पण फळ्यावर एक लांब रेघ काढायच्या आणि त्या रेघेशीच बोलायच्या. मला एवढंच कळलं होतं की डीएनएच्या लांबलचक दोरीवर जनुकं असतात, आणि एकेका जनुकात एकेक प्रथिन कसं बनवायचं ते लिहिलेलं असतं. आता नुसतं लिहून काय उपयोग? त्याची नक्कल उतरवून घ्यावी लागते, तरच पेशी काम करते. ती नक्कल उतरवणारं एक यंत्र पेशीत फिरत असतं. ते कुठे बसणार, कुठल्या दिशेने निघणार, जोरात काम करणार की रडतखडत, हे सगळं जनुकाच्या आधी असलेला दोरीचा एक तुकडा ठरवतो. तो प्रमोटर. मॅडम म्हणाल्या, "या तुकड्यातून स्वतः काहीच बनत नाही." मी शेजारी बसलेल्या सुजाताला विचारलं, "मग तो असतो कशाला?" सुजाता म्हणजे माझी प्रयोगातली जोडीदार, वर्गात पहिली येणारी, तिच्या वहीला मी माझीच वही समजायचे. ती म्हणाली, "तो नसला तर सुरूच होत नाही." मी म्हटलं, "म्हणजे आमची आत्या." सुजाताला वाटलं मी चेष्टा करतेय.

चेष्टा नव्हती. मला खरोखरच त्या क्षणी सगळं लख्ख दिसलं. मांडवाच्या तोंडाशी पाट, पाटावर आत्या, स्वतः काही करत नाही; पण बायकांचा घोळका तिच्यापाशीच येऊन बसतो आणि तिथूनच कामाला लागतो. तोच पाट मांडवामागे नेऊन टाका, कुणी येणार नाही. पाटावर पुटपुटणारी बाई बसवा, हळद दुपारपर्यंत चालेल. आत्याला बसवा, सगळं दणक्यात. माझ्या डोळ्याच्या पेशीत आणि माझ्या यकृताच्या पेशीत जनुकं तीच, पण कुठल्या मांडवात कुठली धवलारीण गाते त्यावर सगळं अवलंबून. परीक्षेत मी हेच लिहिलं. मॅडमनी पूर्ण गुण दिले आणि समासात लिहिलं, "आत्या कोण?"

तर त्याच वर्षी माझ्या डोक्यात एमएस्सी शिरलं. पुण्याला जायचं, वसतिगृहात राहायचं. घरात कुणी मुलगी गावाबाहेर राहिली नव्हती. लग्न होऊनसुद्धा आमच्या पोरी घणसोली, तुर्भे यांच्या पलीकडे जात नसत. मला जायचंच होतं. इतकं जायचं होतं की मी रोज रात्री उशीत तोंड खुपसून देवाला लाच कबूल करायचे. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "माजी काय ना नाय. हिरूबाय काय बोलते बग." आईला विचारलं तर ती भाकरी उलटत म्हणाली, "आत्यांना विचार ना." म्हणजे सगळ्यांची तयारी होती, पण एकही माणूस जागचा हलत नव्हता.

आत्याला विचारलं. ती सुकट निवडत बसली होती. म्हणाली, "पुन्याला जाऊन काय करनार?"

"असंच, जंतूंवर काम."

"हितं नाय का जंतू? खाडीत चिकार हायत."

मी तिला सांगितलं की आमच्या कॉलेजात प्रदर्शन आहे, घरच्यांना बोलावलंय, आणि त्यात मी आणि सुजाता जंतू चमकवून दाखवणार आहोत. खाडीत पायाला लागला की आग होते तो बुळबुळीत जेलीमासा असतो ना, त्याच्या एका भाईबंदाचं हिरवं चमकायचं जनुक आम्ही या जंतूंच्या अंगात घातलंय. बाबा बाजूला पेपर वाचत होते, ते म्हणाले, "ज्याला आमी जाल्यातून फेकून देतो, तो ह्यांच्या कॉलेजात शिकवाला हाय." आत्या मात्र विचारात पडली. सुकटीतला एक खेकडा बाजूला काढत तिने निकाल दिला, "चमकले तर जा. नाय चमकले तर माज्यापाशी बस, धवले शिक. माज्यामागं कोन हाय?" ती हे शेवटचं हळू म्हणाली, आणि मला एकदम वाईट वाटलं. पण पुणं पुणं होतं.

चमकण्याची मला खात्री होती, कारण आम्ही आधी करून बघितलं होतं. त्या जनुकाच्या तोंडाशी जो प्रमोटर बसवलेला असतो, तो एका विशिष्ट साखरेशिवाय चालत नाही. ॲराबिनोज तिचं नाव. चहात घालायची नव्हे. ती साखर नसली की एक प्रथिन दोरी वाकवून मांडवाच्या तोंडाशी आडवं बसतं, रुसलेल्या मामासारखं. साखर मिळाली की तोच मामा उठतो, कुशीला वळतो आणि उलट सगळ्यांना "या, या, बसा" करायला लागतो. आम्ही दोन बश्यांत तेच जंतू वाढवले. साखरेविना बशी पांढरीफटक. साखरेच्या बशीवर जांभळा दिवा धरला तर हिरव्या टिकल्या. हा दिवाही कॉलेजचा नव्हताच. माझ्या चुलतभावाच्या दुकानातला, खोट्या नोटा ओळखायचा. प्रदर्शनासाठी मात्र आम्हाला बशीभर टिकल्या नको होत्या, चंबूभर उजेड हवा होता. म्हणून आदल्या दिवशी मोठ्या चंबूत जंतूंचं सार केलं, साखर घातली आणि हलवणाऱ्या यंत्रावर ठेवायला घेतलं.

तेवढ्यात आत्या डबा घेऊन आली. कॉलेजच्या फाटकावर आल्यागेल्याला अडवणारा माणूस होता, पण आत्याला अडवण्याची त्याची तयारी नव्हती. तिने प्रयोगशाळा बघितली, नाक मुरडलं, सुजाताच्या हातात जबरदस्तीने कोलंबीचा डबा दिला आणि चंबूपाशी येऊन उभी राहिली.

"हेच का ते?"

"हेच."

"किती बारीक जीव. ह्यांना काय खायला दिलं?"

मी म्हटलं, त्यांचं जेवण आतच आहे, तू काळजी करू नको. आणि मी हात धुवायला गेले. आमच्या घरात कामाला आलेल्या माणसाला आधी खायला घालायची पद्धत आहे. गवंडी असो, प्लंबर असो, मीटर बघायला आलेला पोरगा असो, त्याच्यापुढे भाकरी आणि कालवण आल्याशिवाय त्याला हत्याराला हात लावू देत नाहीत. या पद्धतीपायी आमचा एक नळ वर्षभर गळत होता, कारण प्लंबर जेवून झोपायचा. मी हात धुऊन परत आले तेव्हा आत्या पिशवीची चेन लावत होती. मला कशाचाही संशय आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंबू बघितला तर आत जंतू माजले होते. दाट, गढूळ, तांदळाच्या पेजेसारखे. सुजाता खूश झाली. पडदे ओढले, नोटांचा दिवा धरला. काही नाही. अगदी काही म्हणजे काही नाही. सुजाताने दिवा स्वतःच्या नखांवर धरून बघितला, दिवा चालू होता. बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ तो ओळखीचा खाकरा. आई नवी साडी नेसून, बाबा इस्त्रीच्या शर्टात, आणि मधे आत्या, नाकात नथ घालून. एवढी ती फक्त स्वतः गायच्या लग्नाला नटायची. मला त्या क्षणी माझी पुढची सगळी वर्षं मांडवाच्या तोंडाशी पाटावर बसलेली दिसली.

आत्याने माझा चेहरा बघितला आणि विचारलं, "काय जालं? खाल्लं नाय का त्यांनी?"

"कोणी काय खाल्लं नाही?"

"मी काल दिलाय ना ग्लुकोज. दोन चमचे. नुसत्या पान्यात तरंगत होते बिचारे."

सुजाता हातातला दिवा घेऊन खाली बसली. सामंत मॅडम धावत आल्या. त्यांना वाटलं कुणाला चक्कर आली. मी त्यांना सांगितलं, आणि मॅडम ज्या रेघेशी इतकी वर्षं बोलत होत्या ती रेघ सोडून पहिल्यांदा माणसांशी बोलल्या. म्हणाल्या, "अगं मग ते कशाला चमकतील? ग्लुकोज असताना ती दुसरी साखर ते ढुंकूनही बघणार नाहीत. त्या प्रमोटरला आणखी एक मदतनीस लागतो, तो ग्लुकोज संपेपर्यंत यायचाच नाही."

आत्याला यातलं काही कळलं नाही, पण सगळे आपल्याकडे बघतायत एवढं कळलं. तिचा चेहरा पडला. मी तिला तसं कधी बघितलं नव्हतं. मग मी तिचा हात धरला आणि तिच्या भाषेत सांगितलं, "आत्या, हे गवंडी नव्हेत. ही हळद होती. मांडव घातला होता, धवलारीण पाटावर बसली होती, रुसलेला मामा उठवला होता. आणि तू मधेच पंगत वाढलीस."

ती कपाळावर हात मारून म्हणाली, "म्हंजे मी माज्याच मांडवात पत्रावल टाकली?"

"टाकलीस."

"नि सगले उठून जेवाला गेले?"

"जाऊन झोपलेसुद्धा."

"मेल्यांनो," ती चंबूला म्हणाली, "मना वाटलं तुमी उपाशी हाव." मग माझ्याकडे वळली. "आता पत्रावली उचलता येतील का?"

येत होत्या. जंतू गरगर फिरवून तळाशी बसवायचे, वरचं गोड पाणी फेकायचं, त्यांना धुवायचं, आणि नव्या सारात फक्त ती दुसरी साखर घालून पुन्हा हलवत ठेवायचं. पण त्याला वेळ लागणार होता, दुपार होणार होती. पाहुणे म्हणून आलेल्या साहेबांना जेवणाआधी निघायचं होतं. बाबांनाही परत जायचं होतं; शाळेपासूनच त्यांचं आणि बाकड्याचं कधी जमलं नाही. मी मॅडमकडे बघितलं, मॅडमनी माझ्याकडे. आत्याने नथ सरळ केली, म्हणाली, "तू तुजं कर. हितून कोन उठतो ते मी बगते." आणि प्रदर्शनाच्या हॉलच्या दाराशी खुर्ची ओढून, त्या खुर्चीवर न बसता खाली जमिनीवर बसून, तिने घसा खाकरला.

मी ते ऐकायला तिथे नव्हते, हातमोजे घालून यंत्रापाशी उभी होते. पण भिंतीतून येत होतं सगळं. तिने आधी शिरस्त्याप्रमाणे देवांना बोलावलं. मग गावातल्या देवीला, मग खाडीला, मग बहुतेक सामंत मॅडमना. मधेच, हे मला नंतर कळलं, एक माणूस चहाचा ट्रे घेऊन हॉलकडे निघाला होता, तर आत्याने गाता गाताच हात आडवा केला. "धवले संपल्याबिगर कायपन वाढायचं नाय." साहेब उठायला गेले तेव्हा ती त्यांच्याच नावाची ओळ गायला लागली, आणि आपलं नाव गाण्यात असताना उठून जाणारा माणूस मी तरी अजून बघितलेला नाही. सुजाताची आई नंतर सांगत होती की लोक रांगेने येऊन आत्याभोवती बसले, इतर प्रयोगांची पोरं आपापली टेबलं सोडून तिथे आली, आणि ज्वालामुखीवाला प्रयोग कुणी न बघताच उडून गेला. आज मी पोरांना प्रमोटर शिकवते तेव्हा हा प्रसंग सांगते. पोरं हसतात आणि विचारतात, परीक्षेला येईल का.

दुपारी मी चंबू घेऊन आले. सुजाताने खालून आधार दिला होता. मी आधी आत दिवा धरून बघितलं नव्हतं. माझी हिंमतच झाली नाही. पडदे ओढले. हॉलमध्ये अंधार झाला, कुणीतरी शिंकलं. मी नोटांचा दिवा लावला.

चंबू हिरवा झाला. कच्च्या कैरीच्या आतल्या बाजूला असतो तसला हिरवा, आणि बघता बघता माझे हात, सुजाताची हनुवटी, बाबांच्या शर्टाची बटणं, सगळं हिरवं दिसायला लागलं. आई माझ्या पाठीवर हात ठेवून नुसती उभी राहिली. आत्या जमिनीवरून उठली, अगदी जवळ आली आणि चंबूत बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते पाणीही हिरवं होतं. मला वाटलं आता ही काही बोलणारच नाही, आणि आमच्याकडे ती बोलल्याशिवाय काही होत नाही, म्हणजे मेलेच मी.

मग तिने घसा खाकरला, आणि कुठल्याही लग्नात मी न ऐकलेली, तिथल्या तिथे जुळवलेली एक ओळ उचलली:

"हिरवी हलद लागली गो, वनीच्या जंतूंला, वनी निंगाली पुन्याला."

ती ओळ संपली न संपली, तोच आई म्हणाली, "माळ्यावरची मोठी पेटी काढायला लागेल. एक गादी. आणि हिला तिथे तांदळाच्या भाकऱ्या कोण देणार?" अंधारातच बाबांनी साहेबांना विचारलं, "पुन्याची गाडी वाशीवरून भेटते का कलंबोलीवरून?"

जायच्या दिवशी आत्या मला सोडायला कळंबोलीपर्यंत आली. बस सुटताना खिडकीतून तिने ग्लुकोजचं आख्खं पाकीट माझ्या मांडीवर टाकलं.

"तुला हाय हे," ती म्हणाली. "त्यांना काम जाल्यावर दे."